गणित घेणाऱ्या मुलांना पहिल्याच वर्षी सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांतून अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या शाखांविषयी रकानेच्या रकाने भरून माहिती येते. ती यायलाच हवी. परंतु बीएस्सीला गणित हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवणाऱ्या मुलामुलींचे पुढे काय होते, त्यांनी काय करावे आणि मुख्य म्हणजे कधी करावे, याबद्दल चार ओळी सापडणेही मुश्कील असते. सांगली परिसरात पदवीच्या वर्गांना गणित शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. निवृत्तीनंतरही प्रवेशाच्या दिवसांत ओळखीचे पालक मुलांना घेऊन घरी येतात, त्यामुळे हा विषय अजून सुटलेला नाही. पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे. आवश्यक तेथे काटछाट करावी.

येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. “गणित घेऊन पुढे काय? मास्तरकीच ना?” या प्रश्नाला पूर्वी एकच उत्तर मिळत असे, ते म्हणजे बीएड कर आणि शाळेत चिकट. अलीकडे त्याच्या अगदी उलट उत्तर ऐकू येते, की आता डेटा सायन्सचा जमाना आहे, गणितवाल्याला कुठेही मागणी आहे. माझ्या मते या दोन्ही उत्तरांनी मुलांचे नुकसानच होते. पहिल्यामुळे मूल एका वाटेपलीकडे पाहत नाही आणि दुसऱ्यामुळे ते निर्धास्त राहते. वस्तुस्थिती अशी आहे, की गणिताच्या पदवीनंतरच्या बहुतेक चांगल्या संधींना काही ना काही अट आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच अटी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी घेतलेल्या निर्णयांशी जोडलेल्या आहेत. तिसऱ्या वर्षाचे गुणपत्रक हातात घेऊन चौकशीला निघालेल्या मुलाला त्या कळतात, तेव्हा वेळ गेलेली असते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण संख्याशास्त्राचे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग भारतीय सांख्यिकी सेवेसाठी स्वतंत्र परीक्षा घेतो. ही केंद्र सरकारची गट ‘अ’ची सेवा असून देशातल्या रोजगाराची, किमतींची, उत्पादनाची जी आकडेवारी आपण वाचतो, ती गोळा करण्याच्या आणि तपासण्याच्या कामात या सेवेतले अधिकारी असतात. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा 21 ते 30 वर्षे आहे. गणिताची गोडी असलेल्या मुलाला याहून साजेशी सरकारी नोकरी मला तरी माहीत नाही. मात्र या परीक्षेला बसायचे तर पदवीला संख्याशास्त्र, गणितीय संख्याशास्त्र किंवा उपयोजित संख्याशास्त्र यांपैकी एखादा विषय असावा लागतो, नाहीतर त्यात पदव्युत्तर पदवी तरी असावी लागते. म्हणजे गणितात विद्यापीठात पहिला आलेला विद्यार्थी, त्याने संख्याशास्त्र घेतले नसेल, तर अर्जसुद्धा भरू शकत नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी या पदाचेही तसेच आहे. तेथे बारावीला गणितात किमान 60 टक्के गुण किंवा पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय, अशी अट असते. बारावीला गणितात पंचावन्न मिळालेली आणि नंतर पदवीला पहिल्या वर्गात आलेली मुलगी या अटीपाशी अडते. संख्याशास्त्र घेतले असते तर बारावीचे ते गुण कोणी पाहिलेही नसते, पण हे तिला सतराव्या-अठराव्या वर्षी सांगणार कोण?

नवीन शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही प्रमुख विषय आणि गौण विषय अशी रचना आली. मुले त्यांना ‘मेजर’ आणि ‘मायनर’ म्हणतात. कागदावर ही रचना चांगली आहे, कारण गणितासोबत काय शिकायचे हे ठरवण्याची मोकळीक त्यामुळे मिळते. प्रत्यक्षात गौण विषय कसा ठरतो हे ज्यांनी प्रवेशाच्या खिडकीजवळ उभे राहून पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. मैत्रिणीने जो घेतला तो घेतला जातो. ज्याचे प्रात्यक्षिक दुपारी लवकर संपते, तो घेतला जातो, कारण तासगाव-पलूसकडून किंवा कवठेमहांकाळकडून येणाऱ्या मुलीला शेवटची सोयीची एसटी गाठायची असते आणि ही तिची अडचण खरीच असते. ज्या विषयाला ‘मार्क सुटतात’ अशी ख्याती आहे, तो तर हमखास घेतला जातो. अर्जावर त्या रकान्यात खूण करायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटाचा भारतीय सांख्यिकी सेवेशी काही संबंध आहे, हे खिडकीच्या अलीकडच्यालाही माहीत नसते आणि पलीकडच्यालाही.

त्यातच तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक महाविद्यालयांत संख्याशास्त्राचा विभागच नाही. तेथे गणिताबरोबर भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घ्या, एवढाच पर्याय उरतो. या दोन्ही विषयांविषयी मला आदरच आहे, पण विषय निवडीचे स्वातंत्र्य हे शब्द छापताना त्या महाविद्यालयात निवडायला काय शिल्लक आहे, तेही पाहायला हवे.

दुसरी गोष्ट पुढील शिक्षणाची. एमएस्सी म्हणजे कोल्हापूर, असे समीकरण आपल्याकडे पक्के आहे. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे जिल्हे ज्याच्या कार्यक्षेत्रात येतात, ते शिवाजी विद्यापीठ 1962 साली स्थापन झाले आणि त्यामुळे आमच्यासारख्या कितीतरी जणींना घरापासून फार लांब न जाता एमएस्सी करता आले. ते ऋण मोठे आहे. तरीही ज्या मुलांची कुवत आणि इच्छा आहे, त्यांना आयआयटीच्या एमएस्सीची माहिती तरी असावी. त्यासाठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा असते. गणिताचा पेपर तीन तासांचा आणि शंभर गुणांचा असतो. त्यात श्रेणी आणि अनुक्रम, कलन, रेषीय बीजगणित, गटसिद्धांत आणि विकलक समीकरणे हेच घटक असतात, म्हणजे अभ्यासक्रम आपल्या बीएस्सीच्या बाहेरचा नाही. फरक प्रश्नांच्या स्वरूपात आहे. आपल्याकडे प्रमेय सांगा आणि सिद्ध करा असे विचारतात. तेथे प्रमेयातली एक अट काढून टाकतात आणि आता ते खरे राहील का, असे विचारतात. सिद्धता पाठ करणारा मुलगा तेथे पहिल्या पानावरच थबकतो, आणि ती कळलेला मुलगा, मग तो जतचा असो की पुण्याचा, पुढे जातो. ही परीक्षा फेब्रुवारीत होते, अर्ज मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचे असतात. आपल्याकडे त्या सुमारास सत्र परीक्षांची आणि दिवाळीच्या सुटीची गडबड असते. ‘मॅडम, जॅमचा फॉर्म कधी सुटतो?’ हा प्रश्न जानेवारीत विचारला जातो.

कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था 1931 साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केली. तिची आणि चेन्नईच्या गणितीय संस्थेची प्रवेश परीक्षा आणखी वेगळी असते. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतले राष्ट्रीय उच्च गणित मंडळ एमएस्सी आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. त्याच मंडळाच्या साहाय्याने 1993 पासून उन्हाळी सुटीत पदवीच्या मुलांसाठी गणिताची निवासी शिबिरे भरतात. ‘एमटीटीएस’ या नावाने ती ओळखली जातात. अशा शिबिरातून परतलेल्या मुलांच्या बोलण्यात पडलेला फरक मी पाहिला आहे. ती परत येऊन ‘हे परीक्षेला येणार का?’ असे विचारत नाहीत, ‘हे असेच का?’ असे विचारतात. शिक्षकाला ते कधी कधी अडचणीचे होते, पण ती अडचण हवीहवीशी असते.

आता मास्तरकीविषयी. शिक्षकी पेशाला कमी लेखण्याचा माझा हेतू असणे शक्यच नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन 1930 ते 1962 देवळालीला शाळेत शिकवत राहिले, आणि त्या नोकरीत राहूनच त्यांनी संख्यांवर जे काम केले, त्यातला 6174 हा अंक आज जगभरच्या गणितप्रेमींना कापरेकर स्थिरांक म्हणून माहीत आहे. पण कापरेकरांचे नाव घेऊन आजच्या मुलाला या वाटेवर ढकलणे प्रामाणिकपणाचे नाही. आज बीएस्सीनंतर दोन वर्षांचे बीएड, त्यासाठीची सामाईक प्रवेश परीक्षा, आठवीपर्यंत शिकवायचे तर शिक्षक पात्रता परीक्षा, त्यावर अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर नोंदणी आणि भरती निघेपर्यंत वाट पाहणे, एवढे टप्पे आहेत. नेमणूक मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची. 2023 साली हे मानधन वाढवून प्राथमिकसाठी 16,000, माध्यमिकसाठी 18,000 आणि उच्च माध्यमिकसाठी 20,000 रुपये करण्यात आले. त्याआधी ते अनुक्रमे 6,000, 8,000 आणि 9,000 रुपये होते, यावरून या पेशाला समाजाने कोणता भाव दिला होता ते कळावे. हे सगळे माहीत असूनही ज्याला शिकवण्याची खरी ओढ आहे, त्याने जरूर शिक्षक व्हावे. गणित शिकवणारा चांगला शिक्षक आजही शाळांना हवाच आहे. फक्त ‘बाकी काही नाही म्हणून’ कोणी वर्गात उभे राहू नये, कारण त्याची किंमत समोरच्या बाकांवरची मुले मोजतात.

महाविद्यालयात प्राध्यापक होण्याचे स्वप्न याहून अवघड झाले आहे. एमएस्सीनंतर नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे. सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, आणि गणिताचा पेपर मुळीच सोपा नसतो. ती पार केल्यावर कायम जागेची जाहिरात निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुटीचा पगार नाही आणि पुढच्या जूनची खात्री नाही. सेट झालेले, संशोधन करणारे लोक एका महाविद्यालयात सकाळी आणि दुसऱ्यात दुपारी तास घेऊन, मधल्या वेळात मोटारसायकलवर डबा खाताना मी पाहिले आहेत. त्यांच्या विद्वत्तेत उणे काही नव्हते. रिक्त जागा वर्षानुवर्षे भरायच्याच नाहीत हे धोरण असेल तर त्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. येथे एवढेच, की एमएस्सीला जाणाऱ्या मुलाला हे चित्र आधी दाखवले पाहिजे.

स्पर्धा परीक्षांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळ लिहिले जाते. सांगली, कराड, साताऱ्याच्या अभ्यासिका ज्या मुलांनी भरलेल्या आहेत, त्यांत गणिताचे पदवीधरही आहेत, आणि त्यांचा एक समज असा असतो की अंकगणिताच्या भागात आपण सहज बाजी मारू. तसे होतेच असे नाही. बँकांच्या परीक्षेतले गणित शाळेतलेच असते. तेथे कस लागतो तो वेगाचा, आणि पदवीची तीन वर्षे विकलक समीकरणे सोडवल्याने टक्केवारीची उदाहरणे झटपट सुटू लागत नाहीत. वाणिज्य शाखेची सराव केलेली मुलगी येथे पुढे जाते, याचे आश्चर्य वाटायला नको.

मग या पदवीने नेमके हाती काय येते? हा प्रश्न टाळून चालणार नाही, म्हणून एक उदाहरण जरा तपशिलाने देते.

आपल्या भागात दुचाकी, मोबाइल किंवा घरगुती वस्तूंसाठी कर्ज देताना अनेकदा व्याजाचा दर ‘फ्लॅट’ म्हणून सांगितला जातो. समजा एक लाख रुपये बारा महिन्यांसाठी बारा टक्के फ्लॅट दराने घेतले. वर्षाचे व्याज 12,000 रुपये, एकूण फेड 1,12,000 रुपये, म्हणून महिन्याचा हप्ता सुमारे 9,333 रुपये. घेणाऱ्याला वाटते, बारा टक्के म्हणजे ठीकच आहे. परंतु पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल कमी होत जाते, वर्षभर पूर्ण एक लाख रुपये त्याच्याकडे राहतच नाहीत, आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर मोजले गेलेले असते. मग घटत्या शिलकीवर खरा दर किती पडला? बारा हप्त्यांची आजची किंमत, म्हणजे पुढच्या हप्त्यांतून त्या त्या मुदतीचे व्याज वगळल्यावर उरणारी रक्कम, एक लाख रुपये येईल असा मासिक दर शोधायचा. समीकरण मांडता येते, पण त्यातून दर एका बाजूला काढून सरळ सूत्र लिहिता येत नाही. अंदाज करून पुढे जावे लागते. महिना दीड टक्का धरला तर हप्त्यांची किंमत सुमारे 1,01,800 रुपये येते, म्हणजे दर याहून जास्त असला पाहिजे. दोन टक्के धरला तर ती सुमारे 98,700 रुपयांवर येते, म्हणजे दर याहून कमी असला पाहिजे. असे जवळ जवळ सरकत गेले की उत्तर महिना 1.79 टक्क्यांपाशी स्थिरावते. वर्षाचा दर झाला जवळपास साडेएकवीस टक्के.

हे जवळ जवळ सरकणे म्हणजे बीएस्सीला न्यूमरिकल मेथड्सच्या प्रात्यक्षिकांत शिकवली जाणारी न्यूटन-रॅफसन पद्धत किंवा तिचीच भावंडे होत. एखाद्या संख्येच्या घनातून ती संख्या आणि एक वजा केले तर शून्य येते, या समीकरणाचे मूळ, म्हणजे ती संख्या, 1.3247 आहे, हे गणिताच्या प्रत्येक पदवीधराने आपल्या जर्नलमध्ये कधी ना कधी लिहिलेले असते. पुष्कळांनी ते आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमधून उतरवलेले असते, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण भावाने घेतलेल्या मोटारसायकलच्या कर्जाचा खरा दर त्याच पद्धतीने निघतो, हे सांगितल्यावर तिसऱ्या वर्षाचा सगळा वर्ग एकदम सावरून बसलेला मी पाहिला आहे. पुढच्या तासाला तीन-चार जणी घरातल्या कर्जाची कागदपत्रे घेऊन आल्या होत्या. त्यांतल्या एकीने बचत गटाच्या बैठकीत हा हिशेब बायकांना मांडून दाखवला, आणि ती आज एका वित्तसंस्थेत कर्जाच्या जोखमीचे काम करते. हा काही चमत्कार नव्हे. तिच्याकडे जे ज्ञान होते, तेच वर्गातल्या सगळ्यांकडे होते. त्याचा बाहेर उपयोग कसा होतो ते तिने एकदा करून पाहिले, इतकेच.

विमागणिती, म्हणजे ज्यांना ॲक्चुअरी म्हणतात, त्यांचे काम याच जातीचे आहे. तीस वर्षांच्या माणसाचा विमा उतरवताना हप्ता किती घ्यायचा, पेन्शन देणाऱ्या संस्थेने आज किती पैसे बाजूला ठेवायचे, हे आयुर्मानाच्या तक्त्यांवरून आणि व्याजाच्या हिशेबावरून ते ठरवतात. आपल्या देशात 2006 च्या कायद्याने या व्यवसायाचे नियमन होते. या व्यवसायाची सामाईक प्रवेश परीक्षा बारावीनंतरच देता येते, पदवीची वाट पाहावी लागत नाही, आणि वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा ती होते. पुढे एकामागून एक पेपर देत जायचे असते. त्याला बरीच वर्षे लागतात, शुल्कही कमी नसते, पण निम्मे-अधिक पेपर झाले तरी विमा कंपन्यांत काम मिळू शकते. हे काम मुंबई-पुण्यात किंवा राज्याबाहेर मिळते, सांगलीत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मला या परीक्षेबद्दल आपणहून विचारणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

माहिती-तंत्रज्ञानाकडे जाऊ पाहणाऱ्यांनाही थोडे सांगावेसे वाटते. एमसीए आता दोन वर्षांचे झाले आहे आणि गणिताच्या पदवीधराला त्याचा मार्ग मोकळा आहे. काही मोठ्या कंपन्या बीएस्सीच्या मुलांना थेटही घेतात. परंतु ‘डेटा सायन्स’ नावाचा सहा महिन्यांचा, भरमसाट शुल्काचा अभ्यासक्रम लावण्याआधी मुलांनी आपल्याच गुणपत्रकाकडे पाहावे. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि कलन हाच त्या विषयाचा पाया आहे, आणि तो महाविद्यालयाच्या शुल्कात आधीच मिळालेला असतो. कमी असते ती संगणकावर काम करण्याची सवय. वर दिलेला कर्जाचा हिशेब पायथॉन या संगणकाच्या भाषेत दहा-बारा ओळींत मांडता येतो. न्यूमरिकल मेथड्सची सगळी प्रात्यक्षिके कॅल्क्युलेटरवर न करता अशी करून घेतली, तर तिसरे वर्ष संपताना मुलाकडे दाखवण्यासारखे काही तयार असेल. प्रयोगशाळेतले संगणक वर्षभर कुलपात राहतात आणि विद्यापीठाची समिती यायची असली की बाहेर येतात, अशी परिस्थिती मात्र आता पुरे.

गणिताच्या वर्गात मुलींची संख्या लक्षणीय असते, म्हणून त्यांच्याबद्दल एक वाक्य वेगळे लिहिणे आवश्यक आहे. ‘बीएड केले की लग्नाला बरे पडते’ हा सल्ला आजही दिला जातो. देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण जॅमच्या गुणवत्ता यादीत येण्याजोगी मुलगी त्या एका वाक्यामुळे जिल्ह्याबाहेर पाऊल टाकत नाही. तिच्या घरच्यांशी बोलायला कोणी ओळखीचे शिक्षक गेले तर बहुतेक वेळा घरचे ऐकतात, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी शिक्षकाला तिची योग्यता दुसऱ्या वर्षीच ओळखता आली पाहिजे.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत गणित या विषयासमोर अर्धे पान राखून ठेवावे आणि कोणत्या परीक्षेला कोणता जोडविषय लागतो, कोणत्या महिन्यात अर्ज निघतो, वयाची अट काय, हे मराठीत छापावे. गेल्या पाच वर्षांत या विभागातून उत्तीर्ण झालेली मुले आज कोठे आहेत, हेही त्यात यावे. किती जण शिकवतात, किती जण अभ्यासिकेत आहेत, किती जण साखर कारखान्यात किंवा मार्केट यार्डातल्या अडत दुकानात हिशेब लिहितात आणि किती जणांचा पत्ताच नाही, हे महाविद्यालयाने एकदा प्रामाणिकपणे मोजावे. मूल्यांकनाच्या अहवालांसाठी ही माहिती नाहीतरी गोळा करावीच लागते. मग ती पालकांपासून दूर का ठेवायची? ज्या महाविद्यालयांत संख्याशास्त्र विभाग नाही, त्यांनी शेजारच्या महाविद्यालयाशी जुळवून घेऊन हा गौण विषय उपलब्ध करून द्यावा. एकाच शहरात, एका रस्त्यावर असलेली दोन महाविद्यालये आठवड्यातल्या ठरलेल्या तासांना एकमेकांच्या मुलांना बसू देऊ शकत नसतील, तर श्रेयांक (क्रेडिट) हस्तांतराच्या सगळ्या गप्पा व्यर्थ आहेत. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानाला दरवर्षी एखाद्या क्लासचे संचालक बोलावले जातात आणि व्याख्यानाच्या शेवटी त्यांची पत्रके वाटली जातात. त्याऐवजी आपल्याच विभागातून पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना बोलावावे, त्यांतला एक जण तासिका तत्त्वावर शिकवणारा असला तरी हरकत नाही.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणी आहे. प्रवेशाच्या काळात जशी इतर शाखांची माहिती येते, तशी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गणिताच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटी चौकट द्यावी. जॅमचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात, ती परीक्षा फेब्रुवारीत आणि भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा साधारण मे महिन्यात, एवढा मजकूर त्यात पुरे. चौकट छापल्यावर तिचे कात्रण प्रत्येक महाविद्यालयाच्या गणित विभागाच्या फलकावर लागेल, याची जबाबदारी सांगलीपुरती तरी आम्ही काही निवृत्त शिक्षक घ्यायला तयार आहोत.

आपली,
गणिताची एक निवृत्त अध्यापिका,
विश्रामबाग, सांगली